पत्ता : लिहिलेला आणि वाचलेला

(संगणकविषयक ग्रंथाच्या मराठी अनुवादाच्या निमित्ताने रायपूरच्या सदर बाजारात मराठी वाचकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या ग्रंथाचा अनुवाद चालू असता माझी लेखणी एका शब्दापाशी सर्वांत अधिक काळ थांबली. त्या शब्दाविषयीच आज बोलावे, असे मी ठरविले आहे. तो शब्द म्हणजे इंग्रजीतील ‘व्हॅलिडेशन’. मूळ प्रकरणाचा विषय वरकरणी अगदी किरकोळ आहे. संगणकाच्या आज्ञावलीपुढे मनुष्य जाळ्यावरचा एखादा पत्ता अक्षरांत टंकून ठेवतो. तो पत्ता स्वीकारावा की परत करावा, हे आज्ञावलीने कसे ठरवावयाचे, एवढाच प्रश्न. मी मराठी वाङ्मयाची विद्यार्थिनी. संगणक हा माझा व्यवसाय नव्हे. परंतु हे प्रकरण जसजसे मराठीत उतरू लागले तसतसे माझ्या ध्यानात आले की, हा प्रश्न मुळात लेखन आणि वाचन यांचाच आहे. एकाने लिहिले ते दुसऱ्याने तसेच वाचले काय, हा तो प्रश्न होय.

आपण ज्या भागात बसलो आहोत त्याच्या नावापासूनच आरंभ करू. ‘सदर बाजार’ एवढेच लिहून पत्र पेटीत टाकले तर ते कोठे जाईल? सदर बाजार रायपुरात आहे, तसाच तो साताऱ्यात, सोलापुरात, जालन्यात आहे. दिल्ली, आग्रा आणि लखनौ येथेही आहे. एकाच नावाची गावे, एकाच नावाच्या पेठा आणि पत्ते लिहिण्याच्या नाना लिपी यांमुळे टपालखात्याची जी ओढाताण होत असे तिच्यावर १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोडाचा उपाय सुरू झाला. या योजनेचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ होते आणि संस्कृतचे कवीही होते, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. शब्दांवर प्रेम करणाऱ्या मनुष्याने पत्त्यातील शब्दांचा घोटाळा आकड्यांनी सोडवावा, ही गोष्ट मला फार मौजेची वाटते.

रायपूरच्या या भागाचा क्रमांक ४९२००१ असा आहे. पहिला ४ पश्चिमेकडील विभागाचा, ४९ हे दोन अंक छत्तीसगडचे, पहिले तीन मिळून रायपूरचे आणि शेवटचे तीन टपालकचेरीचे. १ नोव्हेंबर २००० रोजी मध्य प्रदेशातून छत्तीसगड वेगळे झाले, तरी हा क्रमांक हलला नाही. कोणी तो सलग लिहितो, कोणी तिसऱ्या अंकानंतर जागा सोडतो, कोणी देवनागरी आकड्यांत लिहितो, कोणी इंग्रजी आकड्यांत. पोस्टमन या सर्वांचे एकच वाचन करतो, आणि त्याला ते कोणी शिकवावे लागत नाही. संगणकाला मात्र यांतील प्रत्येक गोष्ट सांगावी लागते, आणि सांगणारा जे सांगावयास विसरेल ते संगणक आपल्या मनाने ठरवितो.

इंटरनेटवरील प्रत्येक यंत्राला असाच एक क्रमांक असतो. त्याला आय.पी. पत्ता म्हणतात. १९८१ च्या सप्टेंबरात जॉन पोस्टेल यांनी संपादित केलेल्या पत्रकाने त्याचे जे रूप पक्के केले त्यात हा पत्ता म्हणजे ३२ द्विमान अंकांची एक संख्या आहे. अशा संख्या एकंदर सुमारे ४२९ कोटी होतात. माणसाला वाचता यावी म्हणून तिचे चार तुकडे करून मध्ये टिंबे देतात. प्रत्येक तुकडा ० ते २५५ यांमधला. उदाहरणार्थ, १२७.०.०.१ हा पत्ता प्रत्येक यंत्राचा स्वतःसाठीचा पत्ता होय. आपणच आपल्याला लिहिलेले पत्र म्हणा ना!

आता गंमत अशी की, संख्येचे रूप पक्के करणाऱ्या त्या पत्रकाने ती अक्षरांत कशी लिहावी याचा नियम सांगितलेला नाही. लिहिण्याची पद्धत रूढीने पडली. आणि रूढीचे जे व्हावयाचे तेच झाले. १९८३ साली बर्कले विद्यापीठातून जी युनिक्सची आवृत्ती बाहेर पडली तिच्यात असा लिहिलेला पत्ता वाचणारी एक छोटी उपाज्ञावली होती. ती फार उदार होती. चार तुकड्यांऐवजी तीन, दोन, किंबहुना एकच तुकडा दिला तरी ती समजून घेई. १२७.१ असे लिहिले तरी तिला १२७.०.०.१ कळे, आणि २१३०७०६४३३ ही टिंबांवाचूनची लांबलचक संख्या दिली तरी तोच पत्ता कळे, कारण गणिताने ती तीच संख्या आहे. एखाद्या तुकड्याच्या आरंभी शून्य असेल तर तो तुकडा दशमान नसून अष्टमान आहे, असेही ती मानी. हा संकेत सी या संगणकभाषेतून आला. ज्या पद्धतीत ८ हा पाया असतो तिच्यात १२ म्हणजे एक आठ आणि दोन, अर्थात आपले १०.

हे सर्व ऐकून आपण म्हणाल, याने कोणाचे काय बिघडले? पुष्कळ वर्षे कोणाचे काही बिघडले नाही. बिघडते ते एकच मजकूर दोघांनी वाचावयाचा असतो तेव्हा.

समजा, एका कचेरीतील संगणकाचे काम असे आहे की, बाहेरच्या मनुष्याने पत्ता द्यावा आणि संगणकाने त्या पत्त्यावरचे चित्र आणून दाखवावे. त्याच कचेरीच्या आत इतरही यंत्रे आहेत. त्यांवर पगाराचे हिशेब आहेत, गिऱ्हाइकांची माहिती आहे. अशा आतल्या यंत्रांसाठी १९९६ साली जे खास पत्ते अधिकृतपणे राखून ठेवले गेले त्यांत १० या अंकाने सुरू होणारे सर्व पत्ते येतात. तेव्हा कचेरीच्या दारावर एक तपासनीस बसविला आहे आणि त्याला सांगितले आहे की, १० ने सुरू होणारा पत्ता आला तर चिठ्ठी परत कर. आता एक लबाड मनुष्य चिठ्ठीवर लिहितो : ०१२.०.०.१. तपासनीस दशमान वाचणारा. तो आरंभीचे शून्य निरर्थक समजून सोडून देतो, १२ वाचतो, पत्ता बाहेरचा आहे म्हणतो आणि चिठ्ठी आत पाठवितो. आत चित्र आणणारा शिपाई बर्कलेच्या रूढीत वाढलेला. तो शून्य पाहून अष्टमान वाचतो, १० समजतो, आणि निमूटपणे आतल्या तिजोरीच्या खोलीकडे चालू लागतो. दोघांपैकी कोणीही आपल्या समजुतीप्रमाणे चूक केलेली नाही.

ही कल्पित गोष्ट नव्हे. २०२१ च्या मार्चमध्ये जावास्क्रिप्ट या भाषेतील ‘नेटमास्क’ नावाच्या आज्ञावलीत नेमका हाच दोष उघड झाला. ती लाखो प्रकल्पांत वापरली जात होती. त्याच वर्षी पायथन या भाषेच्या प्रमाण संग्रहातही हा दोष आढळला. तेथील कथा अधिक बोधप्रद आहे. पूर्वी ती आज्ञावली आरंभीच्या शून्याबाबत सावध होती. २०१९ च्या आवृत्तीत ती सावधगिरी सैल झाली, आणि २०२१ साली शून्याने आरंभ होणारे तुकडे नाकारण्याचा नियम पुन्हा घालावा लागला. गो या भाषेनेही त्याच वर्षीच्या ऑगस्टमधील आवृत्तीपासून तेच केले. चाळीस वर्षांपूर्वी जी गोष्ट लिहून ठेवावयास हवी होती ती न लिहिल्याची ही फेड होती.

आतल्या यंत्रापर्यंत अशा रीतीने बाहेरचा मनुष्य पोहोचला तर काय होते, हे २०१९ साली अमेरिकेतील कॅपिटल वन या बँकेच्या प्रकरणाने जगाला दाखविले. तेथील दोष शून्याच्या वाचनाचा नव्हता, हे स्पष्ट केले पाहिजे. परंतु दारावरच्या यंत्राकडूनच आतल्या पत्त्यावर निरोप पाठवून घेण्याची युक्ती तीच होती. त्यात सुमारे साडेदहा कोटी लोकांची माहिती बाहेर गेली. त्या लोकांनी कार्डासाठी अर्ज भरले होते, एवढाच त्यांचा या पत्त्यांशी संबंध.

आता त्या शब्दाकडे येऊ. ‘व्हॅलिडेशन’ला कोशात ‘वैधता तपासणे’ असा प्रतिशब्द मिळतो. तो मी प्रथमच बाजूला ठेवला, कारण ‘वैध’ म्हटले की मराठी कानाला कायदा ऐकू येतो. ‘पडताळणी’ हा शब्द चांगला आहे. पण पडताळावयास समोर दुसरे काही लागते. हा फरक समजावयास या सदर बाजाराइतकी योग्य जागा नाही. येथील सराफाच्या दुकानात दागिन्यावर आता हॉलमार्कसह अंक आणि अक्षरे मिळून सहा चिन्हांचा एक क्रमांक असतो. १ एप्रिल २०२३ पासून त्यावाचून हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. त्या क्रमांकात सहाच चिन्हे आहेत ना, हे पाहणे ही एक गोष्ट. तो क्रमांक मानक संस्थेच्या नोंदीत घालून याच दागिन्याचा आहे ना, हे पाहणे ही दुसरी. आणि सोने कसोटीवर घासून पाहणे ही तिसरी. इंग्रजी शब्द या तिन्हींना एकाच पांघरुणाखाली घेतो. मराठीने तसे करण्याचे कारण नाही.

पुस्तकांचा क्रमांक याहून सुखी आहे. आपल्या ग्रंथालयातील कोणत्याही नव्या पुस्तकावरचा आय.एस.बी.एन. पाहा; त्याचा शेवटचा अंक आधीच्या अंकांवरून गणिताने काढलेला असतो, त्यामुळे एखादा अंक चुकला तर तो क्रमांक स्वतःच सांगतो की मी चुकलो आहे. आधार क्रमांकातही असा साक्षीदार अंक आहे. आय.पी. पत्त्यात आणि पिनकोडात तो नाही. ४९२००१ ऐवजी ४९२०१० लिहिले तर नुसत्या आकड्यांकडे पाहून कोणालाही चूक दिसणार नाही. म्हणून अक्षरांत लिहिलेल्या आय.पी. पत्त्याविषयी आज्ञावलीला एवढेच विचारता येते की, हे लेखन पत्त्याचे आहे काय, आणि असल्यास त्याचा अर्थ एकच होतो काय. पत्ता खरा आहे काय, तेथे कोणी राहते काय, हे त्या चार तुकड्यांवरून कळत नाही. यासाठी मी अनुवादात सर्वत्र ‘ग्राह्य’ हा शब्द योजला आहे. अर्ज ग्राह्य धरला, पुरावा ग्राह्य धरला, असे आपण म्हणतो. तो सत्य आहे असे त्यातून म्हणत नाही.

मग ग्राह्यता ठरवावी कशी? नवशिक्या मनुष्याचा कल असा असतो की, चिन्हांचा एक साचा करावा आणि लेखन त्यात बसते की नाही ते पाहावे. एक ते तीन अंक, टिंब, पुन्हा एक ते तीन अंक, असा साचा कोणीही करील. पण त्यात ९९९ ही बसते. ते टाळण्यासाठी साचा वाढवीत जावे तर तो इतका गुंतागुंतीचा होतो की, करणाऱ्यालाच महिन्याभराने वाचता येत नाही. शिवाय साच्याचा खरा दोष निराळाच आहे. साचा लेखन पाहतो, वाचीत नाही. तपासून झाल्यावर तोच मूळ मजकूर पुढे जातो, आणि पुढचा मनुष्य तो आपल्या रीतीने पुन्हा वाचतो. म्हणून मूळ ग्रंथकाराचा आग्रह असा आहे की, दारावरच मजकुराचे वाचन करून त्याची संख्या करावी, मूळ चिठ्ठी फाडून टाकावी, आणि आत केवळ संख्या न्यावी. पुन्हा लिहिण्याची वेळ आली तर आपल्या एकाच ठरलेल्या पद्धतीने लिहावे. ज्या लेखनाचे दोन अर्थ संभवतात ते परत करावे. अनुवादकाला यात नवे काही वाटू नये. मूळ शब्द न समजता जसाच्या तसा पुढे सारणारा अनुवाद कसा होतो, हे आपण पुष्कळ वाचले आहे. ज्या माधवराव सप्रे यांनी लोकमान्यांचे गीतारहस्य हिंदीत आणले त्यांचे नाव या रायपुरात घेतल्यावर या मुद्द्याचा अधिक विस्तार करण्याची गरज नाही.

येथे एका थोर माणसाशी मतभेद नोंदविणे भाग आहे. पोस्टेल यांचेच एक प्रसिद्ध धोरण होते : आपण देताना काटेकोर असावे, दुसऱ्याकडून घेताना उदार असावे. इंटरनेट वाढले ते पुष्कळ अंशी या उदारपणामुळे, हे खरे. पण उदारपणा दोघांचा वेगवेगळा असेल तर त्यांच्यामधली फट हीच चोराची वाट होते. २०२३ साली इंटरनेटच्या रचनेवर देखरेख करणाऱ्या मंडळाकडूनच या धोरणाची फेरतपासणी करणारे पत्रक निघाले, आणि मला तरी त्यातील भूमिका अधिक पटते.

पत्त्यांची नवी पद्धती, जिला सहावी आवृत्ती म्हणतात, ती १२८ द्विमान अंकांची आहे. तिच्यात हा प्रश्न आणखी रंगतो. आठ गट, प्रत्येकात षोडशमान चार अंक. आरंभीची शून्ये गाळली तरी चालतात, आणि सलग शून्यांच्या गटांऐवजी एकदाच दोन विसर्गचिन्हांसारखी खूण देता येते. ‘एकदाच’ हा शब्द महत्त्वाचा. ती खूण दोनदा दिली तर कोणत्या जागी किती शून्ये गाळली हे सांगताच येणार नाही. त्यातही षोडशमानातील अक्षरे लहान लिपीत की मोठ्या, हे लिहिणाराच्या मर्जीवर. एकाच पत्त्याची डझनावारी लेखने होऊ लागली आणि नोंदवहीत पत्ता शोधणाऱ्यांची तारांबळ उडू लागली, तेव्हा २०१० साली एकच प्रमाण लेखन ठरविणारे पत्रक निघाले. ग्रंथपालांना हे नवीन नाही. ‘टिळक, बाळ गंगाधर’ आणि ‘लोकमान्य टिळक’ ही दोन कार्डे दोन खणांत गेली तर काय होते, हे त्यांनाच विचारावे.

आता आपल्या लिपीविषयी. मराठी पुस्तकांत आकडे देवनागरी छापण्याची आपली चाल आहे, आणि ती मला प्रिय आहे. परंतु पत्ता देवनागरी आकड्यांत लिहून संगणकाला दिला तर काय होईल? याचे उत्तर कोणत्या भाषेतली आज्ञावली आहे त्यावर अवलंबून आहे, ही खरी चिंतेची बाब. पायथनमध्ये ‘अंक’ या अर्थाची जी नेहमीची खूण साच्यात वापरतात ती १, २, ३ यांनाही अंकच मानते, आणि ‘१२७’ या मजकुराची संख्या करावयास सांगितली तर ती बरोबर करून देते. जावास्क्रिप्टमधील तीच खूण केवळ इंग्रजी आकडे ओळखते. म्हणजे पुन्हा एकाच चिठ्ठीचे दोन वाचक. भर म्हणजे आपला १ परक्या डोळ्याला इंग्रजी नऊसारखा दिसतो, आणि बंगाली चार इंग्रजी आठसारखा. पायथनच्या संग्रहातील पत्ते वाचणारी आज्ञावली देवनागरी आकडे स्पष्टपणे नाकारते. यात आपल्या लिपीचा अवमान आहे असे मी मानीत नाही. घटनेच्या ३४३ व्या कलमानेही संघाच्या कारभारासाठी भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूपच घेतले आहे. ते अंक मूळचे येथलेच.

नावांची गोष्ट मात्र वेगळी, आणि तेथे मी नकार सहजासहजी मान्य करणार नाही. २७ ऑगस्ट २०१४ पासून ‘.भारत’ या शेवटाची जालनावे देवनागरीत मिळू लागली, मराठी आणि कोकणी यांच्यासह आठ भाषांसाठी. टपालाचा पत्ताही संपूर्ण देवनागरीत असू शकतो, असे नियम २०१२ सालीच झाले आहेत. तरीही असा पत्ता अनेक ठिकाणच्या अर्जात भरावा तर ‘पत्ता अयोग्य आहे’ असे लाल अक्षरांत उमटते. कारण त्या अर्जामागील साचा कोणीतरी फार पूर्वी लिहिला, त्यात इंग्रजी अक्षरांवाचून दुसरे अक्षर असू शकते हे त्याच्या मनातही आले नाही. काही साच्यांत तर शेवटचा भाग दोन ते चार अक्षरांचाच असावा असे बंधन आहे; २००१ साली ‘म्यूझियम’ हा सहा रोमन अक्षरांचा शेवट आला तेव्हाच ते खोटे ठरले होते. आय.पी. पत्त्याच्या बाबतीत ढिलेपणाने चोर आत येतो. नावाच्या बाबतीत अज्ञानाने घरचा मनुष्य बाहेर राहतो. पहिल्याची बातमी होते, दुसऱ्याची होत नाही. अर्ज भरणारा मुकाट्याने दुसरा, रोमन पत्ता काढतो, किंवा उठून जातो.

आणि आपल्या भाषेतही ‘एक लेखन, एक अर्थ’ हा नियम सोपा नाही. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ यांतील भेद आपण सर्व जाणतो. एक गुरू, दुसरा स्वयंपाकी. दुसऱ्यातील र संगणकात दोन प्रकारे लिहिता येतो. एका प्रकारात साध्या र ला हलन्त करून पुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालतात. दुसऱ्यात नुक्ता असलेला ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण यंत्राच्या लेखी ते दोन निरनिराळे मजकूर आहेत. जालनावात हे चालू दिले तर डोळ्यांना एकच दिसणारी दोन नावे दोन मालकांकडे जाऊ शकतील. जालनावांच्या सर्वांत वरच्या पातळीवर अशा अदृश्य जोडचिन्हाला स्थान दिलेले नाही. मला हे योग्य वाटते, पण ज्या कळफलकावर आपण लिहितो तो यांपैकी काय उमटवितो हे लिहिणाराला दिसत नाही. म्हणून नाकारण्यापेक्षा एका रूपाचे दुसऱ्यात रूपांतर करून मग तपासणे, हे काम आज्ञावलीने केले पाहिजे, लिहिणाराने नव्हे.

प्रत्यक्ष पुस्तकाविषयी एक सूचना करून थांबते. चालू मजकुरात, आजच्या या भाषणाच्या छापील प्रतीतही, पत्ते देवनागरी आकड्यांत दिले आहेत; ते वाचण्यासाठी आहेत. पुस्तकाच्या आज्ञावलींत मात्र आकडे व चिन्हे मुळात होती तशीच ठेवली आहेत, आणि एकही टिंब पूर्णविराम समजून हलविलेले नाही. यंत्रावर टंकावयाचे असेल तेव्हा त्या पानांवरूनच टंकावे.